भितरकनिकाच्या खाड्यांमध्ये, एका राखाडी पक्ष्यामागे

ओडिशाच्या किनाऱ्यावर भितरकनिका नावाचं कांदळवन आहे. तिथे जाणारी बहुतेक माणसं मगरी बघायला जातात. काहींना खंड्या हवे असतात. मोठाल्या लेन्स घेऊन येणाऱ्यांना कांदळवनातला नवरंग, म्हणजे मँग्रोव्ह पिट्टा हवा असतो. मी ज्याच्यासाठी निघालो होतो तो या कुणाच्याच खिजगणतीत नाही. मँग्रोव्ह व्हिसलर. बुलबुलापेक्षा लहान, पाठ राखाडी-तपकिरी, पोट मळकट पांढरं, संपलं वर्णन. तुरा नाही, भुवई नाही, पंखावर पट्टी नाही. नर-मादीही सारखेच दिसतात.

भाच्याने फोनवर चित्र बघितलं आणि म्हणाला, "मामा, एवढ्या लांब जाऊन हे आणायचं?" तरीही तो आला, कारण त्याला मगरी हव्या होत्या.

मला ओढ होती ती या पक्ष्याच्या घराण्यामुळे. व्हिसलरांचं कूळ मुळात ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचं. तिकडचे त्याचे भाऊबंद पिवळेधमक, काळ्या गळपट्ट्याचे, कॅलेंडरवर छापावेत असे. हा एक साधा गडी मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने, कांदळवनाची सावली न सोडता पश्चिमेकडे पसरला: जावा, सुमात्रा, मलाया, ब्रह्मदेश, बांगलादेश. भारतात तो अंदमानात, सुंदरबनात आणि ओडिशाच्या भितरकनिकात सापडतो. त्याच्या पश्चिमेला या कुळातलं कुणीही नाही. ऐरोलीच्या खाडीत तिवरं कितीही माजली तरी तो तिथे यायचा नाही. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ याने 1847 मध्ये आराकानातल्या नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे सगळं वाचून झालं होतं. पक्षी बघायचा राहिला होता.

शुक्रवार

पुण्याहून बुधवारीच कोणार्क एक्सप्रेसने निघालो होतो. दोन रात्री गाडीत काढून पहाटे भुवनेश्वरला उतरलो. गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भाचा झोपला होता, मी शेंगदाणे खाल्ले.

स्टेशनबाहेर ठरवलेली गाडी उभी होती. कटक मागे टाकून सालेपूरला थांबलो, कारण ड्रायव्हरभाईंच्या मते सालेपूरचा रसगुल्ला न खाता पुढे जाणं हा अपराध आहे. मग केंद्रापाडा, पट्टामुंडाई, राजनगर. रस्ता जसजसा समुद्राकडे सरकतो तसतशी भातशेती विरळ होत जाते आणि पाण्याचे चौकोन वाढत जातात. या कोळंबीच्या घेरी. बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि त्यात कोळंबी वाढवायची. पैसा चांगला मिळतो, म्हणून परवानगी नसलेल्या घेरींवर कारवाई झाली तरी त्या पुन्हा उभ्या राहतात. मी खिडकीतून बघत होतो. घेरीच्या बांधावर बगळे होते, शेकाट्या होत्या, एक घारही होती. झाड मात्र एकही नव्हतं. झाड नाही तिथे व्हिसलर नाही, इतका साधा हिशेब आहे. हा पक्षी पाण्याचा नव्हे, पाण्यात उभ्या असलेल्या झाडांचा आहे.

उद्यानाच्या खोला गेटवर नावं लिहिली, ओळखपत्रं दाखवली, बॅगांमधल्या प्लास्टिकची झडती झाली. तिथून डिझेल इंजिनाच्या बोटीने डांगमाळपर्यंत. खोल्याच्या खाडीत शिरताच पहिली मगर दिसली. ओहोटी लागलेली होती आणि ती चिखलाच्या उतारावर जबडा उघडा टाकून पसरली होती. भाच्याच्या कॅमेऱ्याचा नुसता खडखडाट. नंतर मगरी इतक्या दिसल्या की तो लहान मगरींसाठी कॅमेरा उचलेनासा झाला.

याला कारण आहे. 1975 मध्ये इथे मगरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या मगरी शंभरही नव्हत्या. अंडी गोळा करायची, डांगमाळला उबवायची, पिल्लं जरा मोठी झाली की खाडीत सोडायची. 2024 च्या गणनेत आकडा 1,811 वर गेला. आता प्रश्न उलटा झालाय. खाडीकाठच्या गावांत पाण्यात उतरणाऱ्या माणसांवर हल्ले होतात, म्हणून आंघोळीच्या घाटांना कुंपणं घातली आहेत.

डांगमाळच्या कॅम्पवर सामान टाकलं. चितळं खोल्यांच्या ओट्यापर्यंत येऊन चरत होती. चहा येईपर्यंत मी कॅम्पच्या मागच्या कुंपणाशी नुसता उभा होतो. पलीकडे ग्वांची झाडं. ग्वां म्हणजे आपल्याकडे गेवा म्हणतात तेच, डोळ्यांत चीक गेला तर आग करणारं. त्याच्या एका आडव्या फांदीवर, माझ्या डोक्यापेक्षा जेमतेम हातभर उंचावर, एक राखाडी पक्षी बसला होता. हालचाल शून्य. दुर्बीण लावली. डोळ्याभोवती पांढरं कडं नाही, म्हणजे तपकिरी माशीमार बाद. चोच काळी आणि आखूड, पण जाड. डोकं गोल, शरीराच्या मानाने जरा मोठंच. गळा पांढुरका, छातीवर राख फासल्यासारखी छटा.

व्हिसलर. आल्यापासून अर्ध्या तासात.

भाच्याला हाक मारली. तो आला, बघितलं, म्हणाला, "हाच?" आणि एक फोटो काढून चहाला गेला.

खरं सांगायचं तर मलाही पाच मिनिटांनी 'आता पुढे काय' असं वाटलं. ज्यासाठी एवढं यायचं तो पक्षी कॅम्पच्या मोरीमागे भेटतो. गाइडला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, ये तो रोज रहता है." रोज राहतोच. इथे तो दुर्मीळ नाही. त्याच्याकडे बघणारे दुर्मीळ. पुढचे सगळे दिवस शोधाशोध करायची नव्हती, म्हणून मी ठरवलं की याच पक्ष्याला नीट बघायचं.

रात्री जेवायला भात, दालमा आणि खाडीतल्या माशाचं तिखट. डासांबद्दल बोलत नाही.

शनिवार

सूर्य वर यायच्या आत कुंपणाशी जाऊन बसलो. भाचा झोपला होता. अंधार नीट फिटलाही नव्हता तेव्हा शीळ आली.

लिहून दाखवणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. आधी दोन-तीन मऊ, सारखे स्वर, दमात न घेतलेले: तू… तू… तू. ऐकणाऱ्याला वाटतं की हा असाच मावळणार. आणि शेवटी एकदम चाबूक ओढल्यासारखा सूर: फ्यू-वीट्! हा शेवटचा सूर आधीच्या सुरांच्या कितीतरी पट मोठा. एवढ्याशा पक्ष्यातून तो निघतो हे समोर बघूनही पटत नाही. मध्ये थोडा वेळ गप्प, मग पुन्हा तेच, पण हुबेहूब नाही. कधी सुरुवातीचे सूर वाढवायचा, कधी शेवटचा तुकडा दुमडायचा.

उजेड आल्यावर तो दिसला. गाताना ताठ बसतो, शेपटी सरळ खाली. मऊ सुरांना चोच जेमतेम उघडते, गळ्याची पिसं तेवढी फुगतात. शेवटच्या सुराला मात्र डोकं मागे जातं आणि सगळं अंग एकदा हिसकतं. गाणं झालं की पुन्हा तो निर्जीव ढेकळासारखा. फक्त मान फिरते, अगदी सावकाश, एका पानावरून दुसऱ्या पानावर.

मग कळलं की हे आळसात बसणं नाही. त्याची शिकार अशीच चालते. वटवट्यासारखी लगबग नाही, माशीमारासारखी हवेत झेप नाही. एका जागी बसून आसपासची पानं, पानांच्या खालच्या बाजू, सालीच्या भेगा नजरेने तपासायच्या. काही दिसलं तर एकच उडी, हात-दीड हाताची. माझ्यासमोर त्याने ग्वांच्या पानाखालून एक हिरवी अळी उचलली, फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटली, चोचीत फिरवून आडवीची उभी केली आणि गिळली. चोच फांदीला घासून साफ केली. हे सगळं होईपर्यंत माझ्या मानेवर किती डास बसले ते मोजलं नाही.

नाश्त्याला मुढी आणि घुगनी. भाचा उठला होता. त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसला. "हा तोच? कालचा?" मग लगेच, "मामा, हेच स्पीकरवर लावलं तर जवळ येईल ना?"

येईल, नक्की येईल, आणि म्हणूनच लावायचं नाही. मार्चच्या सुरुवातीला तो आपली हद्द आखत असतो. आपण खोटा प्रतिस्पर्धी वाजवला की तो घरचं काम सोडून आपल्याशी भांडायला येणार. फोटो मिळतो, पण त्याची सकाळ जाते. पिट्टाच्या बाबतीत हा प्रकार भारतभर इतका बोकाळलाय की काही ठिकाणी पक्षी फोटोवाल्यांच्या तालावर नाचतात असं म्हणायची वेळ आली आहे. भाच्याने तोंड वाकडं केलं, पण स्पीकर बॅगेतच राहिला.

दुपारी बोटीने भितरकनिका बेटावर गेलो. जेटीपासून राजाच्या शिकारी बुरुजापर्यंत जंगलातून पायवाट आहे. हे सगळं जंगल कनिकाच्या राजांच्या जमीनदारीतलं. जमीनदारी 1952 मध्ये गेली, अभयारण्य 1975 मध्ये झालं आणि आतल्या 145 चौरस किलोमीटरला 1998 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बुरुज ठेंगणा आहे, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे तोंड करून बांधलेला. प्राणी पाण्यावर यायचे आणि राजेसाहेब आतून बंदूक चालवायचे.

पायवाटेवर मला बुरुजापेक्षा झाडांनी जास्त थांबवलं. सुंदरीची मुळं खोडापासून फळीसारखी पसरतात आणि जमिनीवर नागमोडी भिंती उभ्या करतात. मधे मधे श्वासमुळांच्या खुंट्या, सावध चाललं नाही तर बूट फाडणाऱ्या. कोकणातल्या खाडीत वाढलेल्या माणसाला कांदळवन म्हणजे कमरेइतकं, फार तर छपराइतकं तिवर. इथे मान वर करावी लागते. आणि खाली सगळीकडे हेंताळ, काटेरी बुटकी खजुरी. हेंताळाच्या जाळीत रानडुकरं लपतात, मगरी घरट्यासाठी त्याचीच पानं ओढतात, पिट्टाही त्यातच घरटं करतो. ज्याला माणसाने आत यायला नको आहे, तो हेंताळाच्या आश्रयाला जातो.

व्हिसलर मात्र हेंताळात नव्हते. सगळी शीळ मधल्या मजल्यावरून येत होती, हेंताळाच्या वर आणि शेंड्यांच्या खाली, जिथे सावली असते पण फांद्यांमध्ये मोकळी जागा असते. एकदा हे लक्षात आल्यावर दुर्बीण कुठे लावायची ते कळलं. एका ठिकाणी दोघं होते. एक गाणारा, दुसरा चार-पाच फांद्या सोडून मुकाट अळ्या वेचणारा. त्यांच्या आगेमागे वटवटे आणि एक शिंजीर असा छोटा घोळका होता. वटवटे पुढे निघून गेले तरी हे दोघे तिथेच. घाई त्यांच्या स्वभावात नाही.

परतीच्या वाटेवर एक मोठा गट भेटला. ब्लूटूथवर गाणी चालू. त्यांच्या गाइडने दोनदा हात जोडले, मग सोडून दिलं. अशा वेळी आपण काय बोलणार? भाच्याने जवळ जाऊन, अगदी लाडात, "काका, आवाज कमी करता का, मगरी बुजतात," असं हिंदीत सांगितलं आणि काकांनी चक्क बंद केलं. पक्षी बुजतात म्हटलं असतं तर केलं नसतं, हे नक्की.

रविवार

आजचा दिवस भरतीच्या वेळेवर ठरला. बारीक खाड्यांमध्ये बोट फक्त पाणी चढलेलं असताना जाते. ओहोटीला तिथे नुसता चिखल, निवट्या आणि लाल पंजा हलवणारे खेकडे. नावाड्याने रात्रीच वेळ सांगून ठेवली होती आणि ती पाच मिनिटंही इकडेतिकडे होऊ दिली नाही.

इंजिन चालू असलं की कानाला काही मिळत नाही. म्हणून नावाड्याला विनंती केली: "भाईना, इंजिन बंद करून बोट नुसती वाहू देता का?" ओडियात थोरल्या भावाला भाईना म्हणतात आणि ही हाक ऐकली की माणूस विरघळतो. त्याने इंजिन बंद केलं, बांबूने रेटा दिला आणि भरतीच्या पाण्याबरोबर आम्ही आत सरकत गेलो.

मग खाडी बोलायला लागली. आधी खंड्या. तपकिरी पंखांचा, नारिंगी अंगाचा, लालभडक चोचीचा मोठा खंड्या हसल्यासारखा ओरडत डोक्यावरून गेला. तो सबंध जगात फक्त पूर्व भारतापासून मलायापर्यंतच्या किनारपट्टीवरच मिळतो, आणि त्याला बघून भाच्याला मगरींचा विसर पडला. पुढे निळा-पांढरा कंठवाला खंड्या. हा आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतही आहे, त्यामुळे गावचा माणूस भेटल्याचं सुख झालं. काळ्या टोपीचा खंड्याही होता. या सगळ्या रंगीबेरंगी मंडळींच्या मागून, दोन्ही काठांवरून, ती शीळ. उजव्या काठावर एक थांबला की डाव्या काठावरचा सुरू. बोट पुढे सरकेल तसा मागचा क्षीण होत जायचा आणि पुढचा स्पष्ट. एकाचं राज्य कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे डोळे मिटून सांगता येत होतं. भाचा कॅमेरा मांडीवर ठेवून वहीत खुणा करू लागला: डावा काठ, उजवा काठ, वळणापाशी. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याने वही मिटली असती.

एका वळणावर खाडीच्या मधोमध वाकलेल्या फांदीवर एक पक्षी होता, पंखांच्या कडा तांबूस. भाचा म्हणाला, "हा वेगळा." वेगळा नाही, याच जातीचा पोरसवदा. वयात येईपर्यंत पंखांना तेवढा एक रंग मिळतो, मग तोही जातो. बोट पार खाली आली तरी तो उडाला नाही. डोळा तपकिरी, चोचीच्या मुळाशी बारीक राठ केस, आणि पायांच्या पकडीत फांदीची साल थोडी सुटलेली, इतकं सगळं दिसलं.

पिट्टा एकदाच ओरडला आणि गप्प झाला, दिसला नाही. त्याचा हंगाम अजून यायचा होता. 2024 मध्ये ओडिशाच्या वनखात्याने पिट्टांची पहिली गणना केली तेव्हा 179 मिळाले. व्हिसलरांची अशी गणना कोण करणार? पिट्टा सुंदर दिसतो म्हणून त्याची मोजदाद होते. माझी तक्रार नाही; पिट्टासाठी राखलेल्या हेंताळाच्या वर व्हिसलरलाही जागा मिळतेच.

बगागहणलाही जाऊन आलो, पण तिथली बगळ्या-करकोच्यांची मोठी वसाहत पावसाळ्यात भरते. मार्चमध्ये रिकाम्या काटक्यांची घरटी, बाकी काही नाही.

संध्याकाळी नावाडी ओट्यावर बसून 1999 च्या महावादळाबद्दल बोलला. तेव्हा तो शाळकरी होता. त्यांचं गाव जंगलाच्या पाठीशी होतं. छपरं गेली, पण पाणी आत आलं नाही. नंतर झालेल्या अभ्यासातही हेच निघालं: तुलनेसाठी घेतलेल्या गावांमध्ये, कांदळवन पाठीशी असलेल्या गावाचं घरटी नुकसान सर्वांत कमी. अलीकडे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'दाना' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. नावाड्याला पक्ष्यांमध्ये काडीचा रस नाही. जंगल मात्र त्याला हवंच आहे.

सोमवार

सकाळची बोट पकडून खोल्याला, तिथून गाडी. केंद्रापाड्याला थांबून रसाबळी खाल्ली: छेन्याचे तळलेले चपटे वडे, दाटसर गोड दुधात बुडवलेले. बलदेवजीउच्या देवळातल्या नैवेद्याचा हा पदार्थ, आणि 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. भाच्याने तीन वाट्या खाल्ल्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मगरींच्या विणीमुळे उद्यान 1 मे ते 31 जुलै पर्यटकांना बंद असतं. थंडीत मगरी उन्हाला जास्त पसरतात आणि पाहुणे पक्षी असतात, पण व्हिसलर त्या काळात फारसा गात नाही. शीळ ऐकायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा आणि उकाडा सोसा. मुक्काम डांगमाळलाच करा, नाहीतर पहाट हुकते. बोट ठरवतानाच इंजिन बंद करून थांबण्याचं बोलून घ्या, आणि भरतीची वेळ नावाड्याला विचारा, फोनला नको. पूर्ण बाह्यांचा मळखाऊ शर्ट घ्या. सालेपूरला जाताना थांबा, केंद्रापाड्याला येताना.